मदत हवी आहे: कोंबड्यांना प्रोटीन नेमकं किती द्यायचं?

लातूरचा_शेतकरी
जरा लवकर सांगा. अंडी रोजच्या ९ वरून २ वर आली. शेपटीकडची पिसं गेलीत, कातडी लाल दिसते. आज सकाळी एक कोंबडी खाली पडलेलं पीस गिळताना मी डोळ्यांनी पाहिली. दुकानदार म्हणाला प्रोटीन कमी पडतंय, पुढं काही नाही. किती टक्के द्यायचं? घरचं सोयाबीन पडून आहे, तेच भरडून घालू का?

रानवाट
किती कोंबड्या, कुठली जात, वय काय, सध्या काय घालता? तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, वेगळं लागतं, अंड्यावरच्या कोंबडीला वेगळं.

खाडीकाठ
सुकट द्या! आमची आई सुकटीचा चुराच घालायची, पिसं कशी चकचकीत असायची.

मळेकरी
सुकट जास्त झाली की अंड्याला वास मारतो, गिऱ्हाईक तुटतं. अझोला लावा, पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती. ताडपत्रीचा खड्डा, थोडं शेण, पाणी, बास.

खाडीकाठ
अझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. टोपलीभर घातला तरी पोटात काय जातं?

लातूरचा_शेतकरी
१२ आहेत, ग्रामप्रिया. मका आणि तांदळाची कणी, बाकी अंगणात फिरतात. गेल्या वर्षी पाडव्याला पिल्लं आणली होती. सोयाबीनचं कुणी सांगेल का?

गावरानप्रेमी
मानमोडीची लस दिली का? आधी ती द्या. माझ्या १७ कोंबड्या चार दिवसांत गेल्या.

लातूरचा_शेतकरी
लस झालीय हो. खाणं-पिणं व्यवस्थित आहे.

रानवाट
पाडव्याची म्हणजे दीड वर्ष उलटलं, त्यात आता कार्तिक, दिवस लहान. पिसं गाळायचा हा काळच आहे, त्यात अंडी कमी होणारच. पण पीस खाणं वेगळं. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच, नवीन पिसं यायला ते लागतं. मक्यात आणि कणीत जेमतेम ८-९ टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ हवं.

सोयाबीन कच्चं अजिबात घालू नका, त्यातल्या घटकामुळे प्रोटीन पचतच नाही. भाजून भरडा. ३ किलो मका भरड्याला १ किलो भाजलेलं सोयाबीन, साधारण १६ टक्के होतं. कणी थोडे दिवस बंद. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतः खातील.

मळेकरी
शेंगदाणा पेंड सोपी पडते, ४० टक्क्यांच्या वर प्रोटीन.

रानवाट
ताजी असेल तरच. पोत्याच्या तळाशी हात घालून बघा, ढेकळं आणि कुबट वास असेल तर बुरशी आहे, तिच्या विषाने यकृत जातं. मी त्यात ६ कोंबड्या घालवल्यात.

पहाटवारा
माझा कोंबडा रात्री ३ वाजता आरवतो, शेजारी भांडतात. उपाय आहे का?

खाडीकाठ
वेगळा धागा काढा. शेतकरी दादा, लाल झालेल्या कोंबडीला जांभळं औषध लावून डालग्याखाली वेगळी ठेवा. लाल दिसलं की बाकीच्या टोचत राहतात.

लातूरचा_शेतकरी
वेगळी केली. कढईत सोयाबीन टाकलंय, बायको विचारतेय कितपत भाजू?

रानवाट
मंद आचेवर, सतत हलवत. दाणा तांबूस झाला की फोडून चावून बघा. कच्च्या शेंगेचा वास राहिला तर अजून भाजा. काळा करू नका.