मदत हवी आहे: चिनी धाटणीच्या सार्वजनिक मंडपाचा आराखडा

आरेखिका: गजबजलेल्या चौकालगत चिनी संस्कृतीपासून प्रेरणा घेतलेला सार्वजनिक मंडप उभारायचा असून त्याचा आराखडा आठ दिवसांत सादर करायचा आहे. कोपरे वर उचललेले छत मी पाच वेळा काढले, परंतु दर वेळी तो उपाहारगृहाचा दर्शनी भाग वाटतो. नेमके काय चुकते आहे, हे कृपया लवकर सांगावे.

तुळई: जागा किती आहे, रस्ता किती बाजूंनी आहे, मंडप कायमचा आहे का? हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही. तोवर छत बाजूला ठेवून खांबांवरच्या दोउगोंगकडे पाहा. एकावर एक रचलेले ते लाकडी हात छताचा भार खांबांवर उतरवतात, आणि म्हणूनच वळचण एवढी बाहेर झेपावते. ११०३ साली छापलेल्या ‘यिंगझाओ फाशी’ या चिनी बांधकामग्रंथात ली जिए याने लाकूडकामाची मापे एका मूळ मापावरून बांधून दिली आहेत.

पाणवठा: हा आग्रह मला पटत नाही. २०१० च्या शांघाय प्रदर्शनातील चीनच्या दालनाने दोउगोंगचाच आकार भव्य केला, परंतु ती लांबून पाहण्याची वास्तू होती. चौकातल्या मंडपात माणूस टेकायला येतो. चिनीत अशा मंडपाला ‘तिंग’ म्हणतात आणि ‘थांबणे’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच आहे. हाँगकाँगच्या नान लियान बागेभोवती वाहते रस्ते आहेत; तरी तिथल्या धबधब्यापाशी उभा राहिलो, तेव्हा मला फक्त पाणी ऐकू येत होते.

नीलकौल: पिवळी कौले टाळावीत, कारण तो रंग बादशाही वास्तूंसाठी राखलेला असे.

आरेखिका: रंगाविषयी मी विचारलेले नाही. जागा बारा मीटर लांब व तितकीच रुंद आहे, रस्ता तीन बाजूंनी आहे, चौथ्या बाजूला जुना वृक्ष आहे, मंडप कायमचा आहे आणि मंजुरी केवळ पोलादाला आहे.

तुळई: पोलादाचे आधी सांगायला हवे होते! मग लाकडी सांध्यांची नक्कल करू नका, ती केवळ चिकटवलेली नक्षी होईल. माझा आधीचा सल्ला मी मागे घेतो. वळचण मात्र खोल ठेवा.

पाणवठा: वृक्ष हीच तुमची खरी ठेव आहे. १७व्या शतकात चिनी बागरचनाकार जी चेंग याने ‘उसन्या दृश्या’विषयी, म्हणजे बाहेरचे दृश्य बागेत सामावून घेण्याविषयी लिहिले, ते इथे लागू पडते. रस्त्याकडे जाळीदार खिडक्यांची भिंत घ्या, आत येणाऱ्याला तिच्याकडेने एक वळण घ्यायला लावा, आणि वळताच गोल दारातून समोर तो वृक्ष दिसू द्या.

आरेखिका: प्रवेश मी थेट चौकासमोर ठेवला होता. आज भिंतीपासून नव्याने काढते. छत सर्वांत शेवटी.