ओरिएंट एक्स्प्रेस: वेग हवाच कशाला?

अगाथा ख्रिस्तीच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' या रहस्यकथेवरचा २०१७चा केनेथ ब्रॅनाचा चित्रपट १९७४च्या सिडनी ल्युमेटच्या चित्रपटापेक्षा वेगवान आहे, असं म्हणतात, ते मान्य. पण या गोष्टीला वेग हवाच कशाला? गाडी बर्फात अडकलीय, खुनी डब्यातच आहे. सगळी मजा त्या कोंडलेपणात. ब्रॅना मात्र पात्रांना सारखा बाहेर काढतो. पुलाच्या सांगाड्यावरून पाठलाग? तोही गुप्तहेर पायरोने?

उलट ल्युमेटने इन्ग्रिड बर्गमनची चौकशी एकाच सलग शॉटमध्ये घेतलीय. अडखळतं इंग्रजी, भिरभिरती नजर, आणि कॅमेरा तिला सोडतच नाही. एवढ्याशा भूमिकेला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. नव्यात त्या जागी पेनेलोपी क्रूझ आहे, पण तिच्या वाट्याला काही येतच नाही.

मिशा मात्र पायरो झालेल्या ब्रॅनाच्याच भारी! जुन्यातला पायरो अल्बर्ट फिनी, त्याच्या तर खुद्द ख्रिस्तीबाईंनाच पसंत नव्हत्या.