वडिलांच्या भजनाच्या कॅसेटवर कॉपीराइट क्लेम आला, काय करू?

गोदाकाठची

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचं घर पंचवटीत, काळाराम मंदिरापासून पाच मिनिटांवर. दादा, म्हणजे माझे वडील, पेटी वाजवायचे. दर गुरुवारी रात्री आमच्या ओसरीवर भजनी मंडळ बसायचं. १९८३ साली त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि तेव्हापासून तो दर गुरुवारी खांबाशी ठेवलेला असायचा. ते गेल्यावर लोखंडी कपाटात ४१ कॅसेट सापडल्या. प्रत्येकीच्या कागदावर त्यांच्या अक्षरात तारीख आणि कोण गायलं ते. दोन-तीन कॅसेटना बुरशी आली होती, एकीची फीत पेन्सिल घालून हाताने गुंडाळून घेतली. दिवाळीपासून एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतेय.

त्यातला तुकोबांचा एक अभंग परवा यूट्यूबवर टाकला. तासाभरात क्लेम आला. कुठल्याशा कंपनीने तोच अभंग अलीकडे नव्या गायकाकडून गाऊन घेतलाय आणि आता म्हणे माझ्या व्हिडिओतलं गाणं त्यांचं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुकोबांचे शब्द, वारकऱ्यांची चाल, माझ्या वडिलांची पेटी, यातलं त्या कंपनीचं काय आहे?

अजून दोन गोष्टी अडल्यात. एका कॅसेटवर रामनवमीला मंडळाने म्हटलेलं गीतरामायणातलं गाणं आहे. आणि कपाटात गायक द. वि. पलुस्करांची एक ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) तबकडी निघाली, ती दादांनी जिवापाड जपली होती. जुनं ते सगळं मोकळं असतं असं एक जण म्हणाला, दुसरा म्हणतो काहीच टाकू नकोस. खरं काय?

निवृत्त वकील, कॉलेज रोड

ताई, दोघांचंही चुकतंय. ‘जुनं गाणं’ असं कायद्यात काही नसतं. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो आणि प्रत्येकाची मुदत वेगळी संपते. १९५७च्या आपल्या कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येत शब्द धरलेलेच नाहीत, ते साहित्यकृती म्हणून वेगळे मोजतात.

शब्द आणि चाल यांची मुदत म्हणजे कर्त्याचं आयुष्य आणि मृत्यूनंतर ६० वर्षं, मोजायची पुढच्या १ जानेवारीपासून. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या जानेवारीपासून. पूर्वी मृत्यूनंतर ५० वर्षंच होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं व्हायच्या बेतात होतं, तेव्हा सरकारने दहा वर्षं वाढवली. ती वाढ आजही सगळ्यांना लागू आहे.

आता तुमची कॅसेट. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. चाल खरोखर परंपरेची असेल तर तीही सगळ्यांची. पण इथे नीट कान देऊन ऐका. आपण ज्याला ‘जुनी चाल’ म्हणतो ती पुष्कळदा रेडिओवरून घराघरांत गेलेली असते. श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांच्या अभंगांना चाली लावल्या, खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत सुरक्षित. अभंग साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, पण चाल कालची. मंडळात कुणी जाणतं असेल तर ही चाल त्यांनी कुणाकडून उचलली ते विचारा.

ध्वनिमुद्रणाचं म्हणाल तर ज्याने पुढाकार घेऊन ते केलं, हक्क त्याचा. म्हणजे तुमच्या वडिलांचा, आणि त्यांच्यानंतर तुमचा. भावंडं असतील तर त्यांचाही, तेव्हा त्यांच्या कानावर घाला. त्या कंपनीचा हक्क फक्त तिने केलेल्या ध्वनिमुद्रणावर. अभंगावर नाही.

गीतरामायणाचं स्पष्ट आहे. गीतकार गदिमा १९७७ साली गेले, शब्द २०३७ अखेरपर्यंत. संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले, चाली २०६२ अखेरपर्यंत. हौशी मंडळाने तिकीट न लावता लोकांपुढे गाणं याला कायद्यात मुभा आहे, धार्मिक विधीतही आहे, लग्नाच्या वरातीतसुद्धा आहे. त्या रामनवमीला कुणाचा हक्क मोडला असं मनात आणू नका. पण तेच इंटरनेटवर टाकणं ही निराळी गोष्ट, त्याला परवानगी लागते.

तबकडीवर जरा विस्ताराने लिहितो, कारण तो माणूस आपल्या गावचा. द. वि. पलुस्करांचा जन्म नाशिकचा, १९२१चा. त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांचा रामनाम आधाराश्रमही इथलाच. द. वि. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या हयातीत निघालेली तबकडी म्हणजे फार तर १९५५ची, तिची मुदत २०१५ अखेर संपली. पण त्यांच्या एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण समजा १९७५ साली पहिल्यांदा बाजारात आलं असेल, तर ते २०३५ अखेरपर्यंत बांधलेलं. आवाज तोच, राग तोच, तरी एक मोकळं आणि एक नाही. म्हणून आधी तबकडीवरचा क्रमांक उतरवून घ्या आणि ती केव्हा निघाली ते जुन्या कॅटलॉगांतून शोधा. आणखी एक, अमेरिकेचा हिशेब वेगळा आहे. तिथे १९४७ ते १९५६ मध्ये निघालेल्या तबकड्यांना ११० वर्षं संरक्षण आहे. आपल्याकडे मोकळी असलेली तबकडी तिथे अडू शकते.

तबला_सिडको

ताई, काकांनी कायदा सांगितला, मी यूट्यूबचं सांगतो. आमच्या क्लासच्या व्हिडिओंवर असे क्लेम मी बरेच हाताळलेत.

तुम्हाला आलाय तो क्लेम, म्हणजे नुसता हक्क सांगणं; स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर लागणारा नियमभंगाचा ठपका, नाही. घाबरू नका, चॅनल जात नाही. कंपन्यांनी दिलेल्या फाइलींशी मशीन सूर जुळवून बघतं, माणूस ऐकत नाही. ‘डिस्प्यूट’ करा, म्हणजे क्लेमला हरकत घ्या. समोरच्याला ३० दिवस मिळतात, तेवढ्यात उत्तर दिलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो. नाकारला तर अपील करता येतं, तिथे ७ दिवस. मात्र आपली बाजू पक्की नसताना अपिलापर्यंत जाऊ नका, तिथून स्ट्राइक लागू शकते आणि ९० दिवसांत तीन लागल्या की चॅनल बंद.

कारण लिहिताना भावनेचं काही लिहू नका. तीन ओळी पुरतात: शब्द कोणाचे, चाल कुठली, ध्वनिमुद्रण कोणी, कधी, कुठे केलं. कॅसेटवर फक्त तिथेच ऐकू येईल असं काही असेल तर मिनिट-सेकंद टाकून लिहा.

शिक्षिका, भगूर

काका, यात माझाही एक प्रश्न. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या कविता १ जानेवारी २०२७ पासून मोकळ्या, बरोबर ना? शाळेत मुलांकडून बसवून घेते, व्हिडिओही करायचाय.

निवृत्त वकील, कॉलेज रोड

शब्दांपुरतं बरोबर. चाल मात्र ज्याची त्याची. ‘ने मजसी ने’ची चाल हृदयनाथ मंगेशकरांची आहे, ती २०२७ मध्ये मोकळी होत नाही. शाळेत शिक्षक, मुलं आणि पालकांपुढे म्हणायला आजही हरकत नाही. व्हिडिओसाठी स्वतः चाल लावा. आणि तोपर्यंत थांबायचं नसेल तर आपल्या नाशिकचे कवी गोविंद आहेतच. ते १९२६ साली गेले, त्यांचे शब्द कधीचेच मोकळे. तुम्ही लावलेली चाल तुमची राहील, तुमच्यानंतर ६० वर्षं. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, कवितांना मात्र २०५९ अखेरपर्यंत परवानगी घ्यावी लागेल.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

हेडफोन लावून कॅसेट पुन्हा पहिल्यापासून ऐकली. चौथ्या मिनिटाला घंटा वाजते, आणि लगेच कुणीतरी हळूच म्हणतं, “पेटी वर घे.” दादा पट्टी बदलतात, तेवढ्यात टाळ दोन मात्रा एकटेच चालतात. हे वेळेसकट लिहून डिस्प्यूट पाठवला. बाराव्या दिवशी क्लेम सुटला.

चालीचं विचारायला मंडळातल्या आजोबांकडे गेले. त्यांना ८६ वर्षं झालीत. ती चाल त्यांच्या आजोबांनी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेतल्या दिंडीत ऐकून आणली, आमच्या ओसरीवर रेडिओ येण्याआधीची आहे. काका, तुम्ही विचारायला सांगितलं नसतं तर हे मला कधी कळलं नसतं.

रामनवमीची कॅसेट घरातच ठेवलीय. परवानगी कुणाकडे मागायची ते शोधतेय, मिळाली तरच टाकेन. तबकडीचा क्रमांक उतरवून घेतलाय.

आजोबांना मोबाइलवर तो अभंग ऐकवला. “पेटी वर घे” म्हणणारे तेच होते. इंटरनेटवर ठेवू का विचारलं तर म्हणाले ठेव, पण मृदंगवाल्याचं आणि मागच्या दोघांचं नाव दादांनी लिहिलेलं नाही. चष्मा मागून घेतला आणि कॅसेटच्या कागदावर ती तीन नावं स्वतः लिहून दिली. व्हिडिओखाली आता सगळी नावं आहेत.