मदत हवी आहे: मेक्सिको, बेलीझ, ग्वाटेमाला. पाठीवर सॅक आणि सोबत आत्या

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी भावाकडे ह्यूस्टनला जाते आहे. तिथून पुढे तीन आठवडे माया लोकांची जुनी शहरं आणि कॅरिबियन समुद्र, असा बेत डोक्यात आहे. खरं तर एकटीच जाणार होते. पण बोलता बोलता आत्याच्या कानावर गेलं आणि तिने "मी येतेय" असं परस्पर जाहीर करून टाकलं. आत्या बासष्ट वर्षांची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. चालायला माझ्यापेक्षा खमकी आहे, फक्त उंच पायऱ्या उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. हॉस्टेलमध्ये राहायची तिची तयारी आहे, मात्र खालचा बंक हवा ही अट.

सध्या कागदावर हे आहे: कँकून, तुलुम, चिचेन इत्सा, मेरिदा, उश्माल, पालेंके, मग बाकालार, बेलीझमधलं 'की कॉकर' नावाचं बेट आणि सान इग्नासिओ, ग्वाटेमालातलं तिकाल आणि आन्तिग्वा, आणि जमलं तर होंडुरासमधलं कोपान. हे तीन आठवड्यांत बसेल का? काही गाळायचं असेल तर काय?

आम्हा दोघींकडे अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा आहे. भाऊ पहिला आठवडा येईन म्हणतो. तो एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर आहे, मंजुरीचा कागद नवा आहे पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. त्याने यावं का? शिवाय आत्या शाकाहारी, अंडं चालतं, आणि संकष्टी करते. पोहणं मला येतं, तिला नाही.

स्पॅनिश दोघींनाही शून्य. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. आगाऊ धन्यवाद.

तिरकी टोपी:
आधी होंडुरास आणि आन्तिग्वा खोडून टाका, मग पुढचं बोलू. नकाशावर सगळं बोटभर अंतरावर दिसतं. मेरिदाहून पालेंके बसने सात-आठ तास, तिकालजवळच्या फ्लोरेसहून आन्तिग्वाकडे जायचं तर अख्खी रात्र गाडीत. तीन आठवड्यांतला एक आठवडा खिडकीला डोकं टेकवूनच जाईल. युकातान, बेलीझ आणि तिकाल एवढंच केलंत तरी भरगच्च होतं.

टेक्सासकर:
भावाबद्दल लिहितो, कारण इथे आमच्याकडे दर सुट्टीत हा घोळ कुणाचा तरी होतो.

तुम्ही दोघी निर्धास्त राहा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. भावाचा शिक्का संपलाय म्हणजे ही सवलत त्याला नाही. मंजुरीचा कागद मेक्सिकोच्या काउंटरवर व्हिसा म्हणून चालत नाही, त्याला मेक्सिकन वाणिज्य दूतावासातून व्हिसा काढावा लागेल.

परतीचं वेगळंच. मेक्सिकोत तीस दिवसांपेक्षा कमी राहून, आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद) वैध असताना, संपलेल्या शिक्क्यावरही अमेरिकेत परत येता येतं. त्याला स्वयंचलित पुनर्वैधता म्हणतात. पण एच-१बीवाल्यांसाठी ही सोय फक्त मेक्सिको आणि कॅनडाच्या सहलीपुरती आहे. "एक दिवस बेलीझला पाय लावून येतो" म्हणाला की ती गेली. त्याला सीमेच्या अलीकडेच निरोप द्या. आणि त्याने कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

बेलीझ आणि ग्वाटेमालाचे नियम मेक्सिकोपेक्षा वेगळे आहेत. दोन्हीकडे ईमेल करून लेखी उत्तर मागवा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस तुमच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवत नाही.

दगडधोंडे:
वा, इतिहासाच्या शिक्षिका सोबत! मग या सहलीचा कणा चिचेन इत्सा नको, तिकाल ठेवा.

चिचेन इत्सा बघाच, पण ते सकाळी उरकायचं. मुक्काम कँकूनला न ठेवता चिचेनजवळच्या वायादोलिदला ठेवा. एक गंमत लक्षात असू द्या: कँकून-तुलुमचं किंताना रो राज्य युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे. वायादोलिदला पोचलात की घड्याळ तासभर मागे. दरवाजे आठला उघडतात. तेव्हा आत असाल तर दहापर्यंत शांतपणे बघून होतं, त्यानंतर कँकूनच्या टूर बस ओतायला लागतात. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो. परदेशी माणसाला दोन वेगवेगळी तिकिटं मिळून सहाशे पेसोंच्या वर पडतात.

मुख्य पिरॅमिडवर चढायला कित्येक वर्षांपासून बंदी आहे, त्यामुळे गुडघ्याचा प्रश्नच नाही. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. आत्या खाली उभ्या राहून मोजतील याची मला खात्री आहे. पायथ्याशी टाळी वाजवा, वरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. सगळेच वाजवतात, म्हणून पुन्हा सांगतो, आठला जा.

उश्माल मात्र सोडू नका. गर्दी चिचेनच्या मानाने फारच कमी, आणि दगडी भिंतींवरचं नक्षीकाम असं की मान दुखेपर्यंत बघावं. लांब सोंडेसारखं नाक असलेले पावसाच्या देवाचे, चाकचे मुखवटे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्याच नाहीत, सगळं पाणी चुनखडीच्या पोटात. आणि उश्मालच्या टेकड्यांत भूजल इतकं खोल की तिथे हौद बांधून पावसाचं पाणी साठवावं लागे. हे डोक्यात ठेवून ते मुखवटे बघितले की त्यांची संख्या खटकत नाही.

मेरिदाहून त्याच बाजूला मानी नावाचं छोटं गाव आहे. १५६२ साली दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तिथे माया पोथ्या जाळल्या. आज जगात त्यांच्या फक्त चार पोथ्या उरल्या आहेत. ज्याने जाळल्या त्याच्याच लिखाणातली अक्षरांची यादी पुढे लिपी उलगडायला उपयोगी पडली. मानीत मठ आहे, चौक आहे, बाकी काहीही नाही, आणि पर्यटक म्हणून तिथे जायची शिफारस मी कुणालाच करत नाही. आत्यांना करेन.

आता तिकाल. सहाव्या शतकापासून तिकाल आणि कालाकमुल ही दोन शहरं एकमेकांच्या उरावर बसलेली. ५६२ मध्ये तिकाल हरलं आणि शंभरावर वर्षं तिथे एकही कोरीव राजस्तंभ उभा राहिला नाही. ६९५ मध्ये हासाव चान काविल या राजाने कालाकमुलला हरवलं. मुख्य चौकातलं मंदिर क्रमांक १ त्याच्याच थडग्यावर उभं आहे. हे वाचून गेलात तर तो चौक वेगळा दिसतो.

मंदिर १ वर चढू देत नाहीत. मंदिर ४ सर्वांत उंच, ६५ मीटरच्या आसपास, त्याला बाजूने लाकडी जिना आहे, कठड्यासकट. आत्यांना जमेल. फ्लोरेसहून पहाटे तीनला निघण्यापेक्षा उद्यानाच्या आतच एक रात्र राहा. सूर्योदयासाठी वेगळं तिकीट आणि वाटाड्या लागतो. बहुतेकदा धुकंच असतं, सूर्य वगैरे दिसत नाही. पण हाउलर माकडं ओरडायला लागली की पैसे वसूल. आवाज वाघाचा, देह जेमतेम कुत्र्याएवढा.

पालेंके गाळायचं म्हणताना हात थरथरतो. १९५२ मध्ये आल्बेर्तो रुस यांनी शिलालेखांच्या मंदिराखाली पाकाल राजाचं थडगं शोधलं, ते हेच. पण वाट वाकडी आहे आणि तिथून ग्वाटेमालात उतरायचा रस्ता मेक्सिकोच्या चियापास राज्याच्या सीमाभागातून जातो, जिथे २०२३ पासून टोळ्यांची हाणामारी वाढली आहे. या खेपेला नको.

धागाकर्ती:
बापरे, किती छान माहिती! दगडधोंडे, तुमचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. मानीचं ऐकून ती म्हणाली, "बीच गेला उडत, तिथे जाऊ." मला बीच हवाच आहे, तेव्हा कुणीतरी माझी बाजू घ्या. आणि खाण्याचं?

खादाडखाऊ:
आलेच. उपवासाची काळजी करताय होय? साबुदाण्याचा कंद, रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. संकष्टीचं अर्धं ताट तिकडचंच आहे. बाजारात उकडलेला युका, म्हणजे साबुदाण्याचाच कंद, आणि फळं मिळतील. कापलेल्या आंब्यावर, काकडीवर तिखट-मीठ-लिंबू घालून देतात, ते खाऊन आत्या खूश होतील.

एरवीची अडचण अशी की "मांस नको" म्हटल्यावर ते समोर दिसणारं मांस काढून टाकतात. राजम्यात डुकराची चरबी असू शकते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. त्यामुळे तीन वाक्यं पाठ करा: "सिन कार्ने" म्हणजे मांस नको, "सिन मान्तेका" म्हणजे चरबी नको, "सिन काल्दो दे पोयो" म्हणजे कोंबडीचं पाणी नको. कागदावर लिहून दाखवलंत तर उत्तम.

युकातानमध्ये पापाद्झुलेस मागा: मक्याच्या पोळीत उकडलेलं अंडं आणि वरून भोपळ्याच्या बियांची दाट चटणी. चाया नावाच्या पाल्याचं अननस घालून केलेलं सरबत मिळतं, हिरवंगार. संध्याकाळी चौकात मार्केसिताच्या गाड्या लागतात, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं चीज. मेक्सिकन जेवण तिखट असतं असं सगळे सांगतात. आपल्या माणसाला ते मिळमिळीत वाटतं, मात्र टेबलावरच्या वाटीतली हबानेरो मिरची त्याला अपवाद. आधी चमच्याचं टोक बुडवा.

नळाचं पाणी कुठेही पिऊ नका. हॉस्टेलात मोठे कॅन असतात, त्यातून बाटल्या भरा.

मीठपाणी:
बीचची बाजू मी घेते!

तुलुम बघायला जा, राहायला नको. समुद्राच्या कड्यावरचं तटबंदीचं शहर म्हणून देखणं आहे, पण गाव महागलंय. पोहता न येणाऱ्यांसाठी इस्ला मुखेरेस बेटाचा उत्तरेकडचा किनारा बघा, कँकूनहून फेरीने जवळ. पाणी उथळ, लाटा जवळजवळ नाहीत, आत्या कमरेइतक्या पाण्यात निवांत बसतील. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे सार्गासोचाही जोर नसतो. हे तपकिरी समुद्री शेवाळ उन्हाळ्यात ढिगाने किनाऱ्यावर येतं आणि सडतं, तेव्हाचे फोटो कुणी टाकत नाही.

की कॉकरबद्दल गैरसमज नको, तिथे वाळूचा लांबलचक किनारा नाहीच. लाकडी धक्क्यावरून पाण्यात उतरायचं. तिथे जायचं ते प्रवाळासाठी. बेलीझचं प्रवाळ ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल जगातल्या सर्वांत लांब भित्तिकांपैकी एकाचा भाग आहे. तुम्ही होल चान या सागरी अभयारण्याची स्नॉर्केलिंगची बोट घ्या, आत्या किनाऱ्यावर हिंडतील.

बाकालारला समुद्र नाही, गोड्या पाण्याचं सरोवर आहे, निळ्याच्या सात छटांचं. काठाला खडकासारखे गोळे दिसतील त्यावर पाय ठेवू नका, ते स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्मजीवांनी बांधलेले. तिथे आणि सेनोतेंमध्ये सनस्क्रीन लावून उतरू देत नाहीत, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घ्या. सेनोते म्हणजे छत कोसळून उघड्या पडलेल्या जमिनीखालच्या विहिरी. बऱ्याच ठिकाणी लाइफ जॅकेट मिळतं, तेव्हा न पोहणाऱ्यांनीही उतरायला हरकत नाही.

तिरकी टोपी:
सगळ्याला अनुमोदन. सान इग्नासिओला गेलात की सगळे एटीएम गुहेच्या मागे लागतील. पैसे काढायचं एटीएम नव्हे, आक्तुन तुनिचिल मुक्नाल. पोहत आत शिरायचं, पुढे खडकांवर चढायचं, शेवटी हजारेक वर्षांपूर्वीचे सांगाडे. एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा कवटीवर पडल्यापासून कॅमेरा न्यायला बंदी आहे. तुम्ही एकट्या जा. आत्यांसाठी गावाला लागूनच काहाल पेच हे जुनं माया ठिकाण आहे, झाडीतलं, शांत. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून शुनान्तुनिच, तेही माया अवशेषच.

आणि बेलीझमध्ये भाव ठरवताना "कुठले डॉलर?" हे आधी विचारा. तिथले दोन म्हणजे अमेरिकेचा एक, दोन्ही नोटा चालतात. ग्वाटेमालात मात्र केत्साल लागतील, आणि फाटकी किंवा पेनाने लिहिलेली डॉलरची नोट कुणी घेत नाही. बेलीझ सोडताना नाक्यावर निर्गमन शुल्क रोख भरावं लागतं, तेवढे वेगळे ठेवा.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. नवा कागद असा: इस्ला मुखेरेस, वायादोलिद, मेरिदा (उश्माल आणि अर्थात मानी), बाकालार, की कॉकर, सान इग्नासिओ, फ्लोरेस-तिकाल, तिथून विमानाने ग्वाटेमाला सिटी आणि परत ह्यूस्टन. भाऊ व्हिसा मिळालाच तर मेरिदापर्यंत येईल. पालेंके, आन्तिग्वा, कोपान बाद. तुलुम बाकालारला जाताना वाटेत.

एकच शेवटचं: बाकालारहून की कॉकरला सीमेजवळच्या चेतुमाल शहरातून बोट घ्यावी की बसने बेलीझ सिटी गाठून तिथून बोट?

मीठपाणी:
हवा बघून ठरवा. त्या महिन्यांत उत्तरेकडून थंड वारे येतात, त्यांना तिकडे "नोर्ते" म्हणतात. एक-दोन दिवस आभाळ भरून येतं, समुद्र खवळतो, कधी बोटी बंद ठेवतात. अशा वेळी चेतुमालची बोट नको, लांबचा पल्ला आहे, आत्यांचे हाल होतील. बसने बेलीझ सिटी गाठा, तिथून बेट बोटीने तासाभरावर. समुद्र शांत असेल तर चेतुमालची बोटच बरी, शहराचा फेरा वाचतो आणि पासपोर्टचं काम धक्क्यावरच होतं. बाकालारला एक रात्र जास्तीची धरा म्हणजे वाट बघायला जागा राहील. आणि दोघींसाठी एकेक जाड जॅकेट घ्या, उष्ण कटिबंध म्हणून सॅकमधून काढू नका.