मदत हवी आहे: फारसीभाषक रुग्णाचा अफेजिया (मेंदूच्या इजेमुळे आलेला भाषादोष) तपासताना

रुग्ण साठीच्या बाई, मूळच्या तेहरानच्या, आता पुण्यात मुलाकडे. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, ऐकू-दिसायला ठीक. फक्त फारसी येते, म्हणून मराठी-हिंदी चाचण्या बाद. वेस्टर्न अफेजिया बॅटरी या अफेजियाच्या चाचणीची संशोधक नीलिपूर यांची फारसी आवृत्ती मुलाला मदतीला बसवून बाईंवर घेतली. आकलन बरं आहे. वस्तूंची नावं विचारताना मात्र तो न राहवून पहिला आवाज पुरवायचा, त्यामुळे ते गुण धरलेले नाहीत.

खरी अडचण चित्रवर्णनात. क्रियापद शेवटी नीट येतं, पण कर्मानंतरचा 'रा' (निश्चित, म्हणजे ठरावीक कर्म दाखवणारा छोटा शब्द) कधी 'रो', कधी 'ओ', कधी गायबच. पहिली दोन रूपं तेहरानी बोलण्यातली नेहमीची, ती चूक नव्हेत. निश्चित कर्मानंतर तो पूर्ण गळणं निरोगी माणसाच्या सहज बोलण्यातही चालतं, की ॲग्रॅमॅटिझम (अफेजियात व्याकरणाचे छोटे शब्द-प्रत्यय गळणं) म्हणून नोंदवू?