हॅलोविन: दोरीला काय बांधायचं?

अनघा (कार्यक्रम समिती):
नमस्कार मंडळी, खरेदीची यादी गुरुवारी द्यायची आहे, म्हणून घाईत लिहितेय. टबातल्या पाण्यातून दातांनी सफरचंद उचलायचा खेळ यंदा होणार नाही. हॉलवाल्यांना लाकडी फ्लोअरवर पाणी चालत नाही, आणि सगळ्यांची तोंडं एकाच पाण्यात हे पालकांनाही नकोय. त्याऐवजी दोरीला डोनट टांगायचं ठरत होतं. हात मागे, फक्त तोंडाने खायचं. पण डोनटमध्ये बहुधा अंडं असतं आणि आपल्याकडची बरीच मुलं खात नाहीत. मग बांधायचं काय? ममी (मुलांना टॉयलेट पेपर गुंडाळायचा खेळ), भोपळ्याचं बोलिंग आणि डोळे बांधून सोललेली द्राक्षं ओळखणं हे पक्कं आहे, त्यावर पुन्हा चर्चा नको.

मिलिंद:
खजिनदार म्हणून सांगतो, एगलेस डोनट आगाऊ ऑर्डर देऊन करून घ्यावे लागतात आणि महाग पडतात. मार्शमेलोची पिशवी आणा, सुईने दोरा ओवा, झालं.

संजय:
मिलिंद, मार्शमेलोत जिलेटिन असतं. म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं. अंडं नको म्हणणाऱ्यांना ते कसं चालेल? कँडी कॉर्नचंही (मक्याच्या दाण्यासारख्या गोळ्या) तेच, पाकीट उलटून घटक वाचा. मागच्या पिकनिकला यावरून किती ताणलं गेलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल.

वसुधाताई:
सफरचंदच टांगा की! आयर्लंडमध्ये हा खेळ फार जुना आहे. डॅनियल मॅक्लिसच्या १८३३ सालच्या चित्राचं नावच ‘स्नॅप-ॲपल नाइट’ आहे. तिकडे टांगलेल्या काठ्यांना एकीकडे सफरचंद आणि दुसरीकडे पेटती मेणबत्ती लावत. मेणबत्ती अर्थातच आपण लावायची नाही, कॉस्च्युम पटकन पेट घेतात.

प्राची:
ताई, दुधाचे दात हलत असलेली मुलं झुलत्या सफरचंदाला काय चावणार? माझी लेक घरी हा खेळ खेळली, सफरचंद नाकावर आपटत राहिलं आणि ती रडवेली झाली. आणि अनघा, चर्चा नको म्हणालीस तरी लिहिते: चार वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. उभी चिरून चार तुकडे करा.

शुभदाकाकू:
अगं मुलींनो, कडबोळी बांधा! भोक आयतंच असतं, अंडं नाही, जिलेटिन नाही. दिवाळीच्या फराळासाठी भाजणी दळून तयार आहे, मीच करून आणते. फक्त नेहमीपेक्षा जाड वळेन आणि मोहन कमी घालेन, नाहीतर दोरीला हिसका बसला की कडबोळं जमिनीवर. बांधायला सुती दोरा घ्या, नायलॉन ओठाला कापतो.

हेमंत:
काकू, कडबोळ्यात लोणी घातल्याशिवाय चव नाही. आमच्याकडे साताऱ्याला तेलाचं मोहन कुणी घालत नाही.

शुभदाकाकू:
हेमंत, आमच्याकडे कडकडीत तेलाचंच घालतात. मंद आचेवर तळून तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरला की छान खुसखुशीत होतात. करणार मी आहे, तेव्हा तेलच.

नेहा:
तेलच असू दे, आमच्या धाकट्याला दुधाची ॲलर्जी आहे. पण काकू, तीळ घालू नका. तिळाची ॲलर्जी असलेली मुलं आपल्यात आहेत. म्हणून तर इथे अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ स्पष्ट लिहावे लागतात. शेंगदाणा सगळे विचारतात, तीळ कुणी विचारत नाही. दारात एक हिरवट-निळा भोपळाही ठेवूया. इथल्या पालकांना त्याची खूण माहीत असते, की इथे खाऊखेरीज छोटी खेळणीही मिळतील. ती खेळणी मी आणते.

शुभदाकाकू:
बरं झालं सांगितलंस. तीळ काढले, ओवा वाढवते. कढईही वेगळी घेईन.

संजय:
ते ठीक, पण फराळ समितीला विचारलं का? कडबोळी त्यांच्या यादीत आहेत.

शुभदाकाकू:
फराळ समितीत मीच आहे, संजय.

अनघा:
कडबोळी पक्की! काकू, मनापासून आभार. दोरी छताला बांधायची नाही. लांब काठीला दोरे लावून दोन मोठ्यांनी दोन टोकं धरायची, म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी खाली घेता येते आणि बारा वर्षांच्यासाठी वर. मुखवटे आधी काढून ठेवायचे. खाली जुनी चादर अंथरू, चुरा फ्लोअरवर नको. ३१ ऑक्टोबर शनिवारी आहे, अंधार पडायच्या आत मुलांना ट्रिक ऑर ट्रीटला, म्हणजे घरोघरी खाऊ मागायला निघायचं असतं, म्हणून सगळं दुपारी २ ते ४. काठी धरायला दोघं हवेत.

मिलिंद:
काठीचं एक टोक मी धरतो. टॉयलेट पेपर किती रोल लागतील ते कळवा, एका ममीला एक धरला तरी बराच होतोय.

वसुधाताई:
मिलिंद, जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडून आणते. गुंडाळायला सोप्या, धुऊन पुढच्या वर्षीही वापरता येतील.

हेमंत:
काठीचं दुसरं टोक माझं. काकू, मोठ्यांसाठी लोण्याची कडबोळी मी वेगळ्या डब्यात आणतो, डब्यावर ‘लोणी, तीळ’ असं ठळक लिहीन.