रिपीटिंग व्हेरिएबल वेगळे घेतले तर उत्तर चूक का?

ऐरोलीकर_केटीवाला:
फ्लुइड मेकॅनिक्सची केटी (राहिलेला विषय) आहे, पेपर पुढच्या आठवड्यात. पाईपमधल्या प्रेशर ड्रॉपचं गणित बकिंगहॅमच्या पाय थेरमने (राशींतून एकक नसलेल्या टर्म बनवायची पद्धत) करायचं होतं, लांबी, व्यास, वेग, घनता, व्हिस्कॉसिटी सगळं दिलेलं. मी रिपीटिंगला (टर्म बनवताना पुन्हा पुन्हा वापरायच्या तीन राशी) व्यास, वेग, व्हिस्कॉसिटी घेतले, सोल्युशनमध्ये व्हिस्कॉसिटीऐवजी घनता आहे. माझी टर्म आली डेल्टा पी (प्रेशर ड्रॉप) गुणिले डी (व्यास) भागिले म्यू (व्हिस्कॉसिटी) व्ही (वेग), त्यांची डेल्टा पी भागिले रो (घनता) व्ही-वर्ग. दोन्ही डायमेन्शनलेस (एकक नसलेल्या), चारदा चेक केलं, तरी क्लासच्या सरांनी फुली मारली. चुकलं कुठे?

कळवा_लोकल:
रॅलेच्या पद्धतीने (प्रत्येक राशीला घातांक देऊन) कर ना, बकिंगहॅमच्या भानगडीत कशाला पडतोस.

पायथेरम:
रॅलेने तरी काय होणार, घातांक पाच आणि समीकरणं तीन, दोन लटकतातच, मग कुठले ठेवायचे हे पुन्हा तुम्हीच ठरवणार.
@केटीवाला तुझं चुकलेलं नाही. तुझ्या टर्मला रेनॉल्ड्स नंबरने (रो व्ही डी भागिले म्यू) भाग, सरांची टर्म मिळते. थेरम फक्त टर्म किती ते सांगतो, सहा राशींतून तीन मिती (वस्तुमान, लांबी, वेळ) गेल्या, उरल्या तीन. कुठल्या ते नाही सांगत. फक्त व्यास आणि लांबी दोन्ही रिपीटिंगला घेऊ नकोस, दोघंही नुसते एल (लांबीच), तिथे गाडं अडतं. आणि डेल्टा पी घेतलास तर तो एकापेक्षा जास्त टर्ममध्ये घुसून बसेल.

घोडबंदर_पंपवाला:
उलट लॅमिनारला (शांत, थराथराने वाहणाऱ्या फ्लोला) तुझीच टर्म भारी. पाईपात फ्लो एकदा सेट झाला की घनतेला काही कामच उरत नाही, तुझी टर्म सरळ ३२ गुणिले एल बाय डी येते, रेनॉल्ड्स कितीही असो (साधारण २००० च्या खाली). सरांच्या टर्ममध्ये तोच रेनॉल्ड्स उगाच खाली येऊन बसतो.
पण सोसायटीच्या टाकीतून येणारा २५ मिमी पाईप घे, पाणी सेकंदाला १ मीटर, रेनॉल्ड्स गेला २५००० च्या आसपास, म्हणजे टर्ब्युलंट (खळबळता फ्लो). तिथे सरांची टर्म बरी, रेनॉल्ड्सने फार हलत नाही, आणि पाईप आतून गंजून खडबडीत झाला असेल तर जवळजवळ नाहीच.

ऐरोलीकर_केटीवाला:
अच्छा म्हणजे फ्लोमध्ये काय चाललंय ते बघून निवडायचं. हे कोणी सांगितलंच नव्हतं, नुसतं पाठ करा रो व्ही डी.

पायथेरम:
पेपरात मात्र रो व्ही डीच लिही बाबा, तपासणारा भागाकार करत बसणार नाही.